शब्द पाठ आहेत, पण बोलताना तोंडात येत नाहीत: इंग्रजी शब्दसंग्रह नेमका कसा वाढवायचा?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यातल्या एका गावात सहा मुलामुलींचा अभ्यासगट आहे. सगळे मराठी माध्यमातून बारावी झालेले. दोघांच्या घरी होमस्टे आहे, दोघे पर्यटकांच्या होडीवर असतात, एकीला नर्सिंगला जायचंय आणि एकाचं अजून ठरायचंय. पावसाळ्यात हाताशी वेळ आहे. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होईल, म्हणजे चारेक महिने मिळतात. रोज पाऊण तास नक्की देता येईल.

आत्तापर्यंतची पद्धत अशी: दोनशे पानी वही, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज वीस शब्द पाठ. दुसऱ्या दिवशी विचारलं की अठरा येतात. पंधरा दिवसांनी त्याच पानावरचे सहासुद्धा येत नाहीत. आणि जे येतात तेही वाक्यात येत नाहीत. पाहुण्याने विचारलं, "इथे पोहायला सुरक्षित आहे का?" की सगळे एकमेकांकडे बघतात.

प्रश्न असे:
१. रोज किती शब्द घ्यावेत, आणि कुठल्या यादीतले?
२. वही बरी, कार्डं बरी की ॲप?
३. मराठी अर्थ लिहावा की इंग्रजीतूनच अर्थ समजून घ्यावा? यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.
४. विसरलेल्या शब्दांचं काय करायचं?

कृपया "इंग्रजी पेपर वाचा, इंग्रजी सिनेमे बघा" एवढंच सांगू नका. ते करून झालंय.


कार्डपेटी:

आधी दोष कुठे आहे तो. वहीत डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि अर्थ समोरच असतो. ही झाली ओळख. बोलताना लागते ती आठवण, आणि तीही उलट्या दिशेने: मनात मराठी गोष्ट आहे, इंग्रजी शब्द शोधायचाय. या दिशेचा सराव वहीत एकदाही होत नाही. शिवाय पानावरचा क्रम पाठ होतो. तोच शब्द दुसऱ्या पानावर टाकून बघा, अठराचे दहा होतील.

यादीबद्दल. मायकेल वेस्टची १९५३ ची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' सुमारे २००० शब्दकुलांची होती. शब्दकुल म्हणजे मूळ शब्द आणि त्याची पिलावळ: डिसाइड, डिसिजन, डिसायडेड वगैरे. असे पहिले २००० शब्द साधारण मजकुराचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग व्यापतात. २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती आली, 'न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट'. तिच्यात सुमारे २८०० शब्द आहेत, सर्वसाधारण इंग्रजीचा ९२ टक्के भाग त्यात येतो आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. हीच घ्या. कॉलेजच्या पुस्तकांसाठी ५७० शब्दकुलांची 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट' आहे (२०००, ॲव्हरिल कॉक्सहेड). ती नर्सिंगवाल्या मुलीने पुढे बघावी, बाकीच्यांनी आत्ता हात लावू नये. "रोज एक भारी शब्द" छापाची पुस्तकं तर माळ्यावर टाका. ज्याला 'बॉरो' आणि 'लेंड' यांतला फरक येत नाही त्याने 'युबिक्विटस' शिकून काय करायचं?

सुरुवात कुठून करायची ते मोजून ठरवा. पहिल्या १००० शब्दांच्या यादीतला दर विसावा शब्द उचला, म्हणजे ५० शब्द होतील. प्रत्येकाचं वाक्य तोंडी करायला सांगा. नुसता अर्थ सांगितला तर गुण नाही. ५० पैकी ३० झाले तर या हजारातले साधारण ६०० वापरात आहेत. बारावी झालेल्यांना अर्थ बहुतेकांचे येतील, वाक्यं खूप कमी येतील. म्हणजे काम नव्या शब्दांचं कमी आणि ओळखीच्या शब्दांना तोंडात आणण्याचं जास्त आहे.

रोजचा आकडा: ८ नवे, आठवड्यातून पाच दिवस. आठवड्याला ४० झाले, सोळा आठवड्यांत ६४०. गळती धरून पाचशे टिकले तरी हंगामाला पुरून उरतील. वीस घेतलेत तर पहिला आठवडा मजेत जातो आणि तिसऱ्या आठवड्यात उजळणीचा ढीग अंगावर येतो.

आता पेटी. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. चपलांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, आत आडवे पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं कापा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. पहिला कप्पा रोज, दुसरा दर दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ आणि पाचवा सोळा दिवसांनी काढायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की थेट पहिल्यात, मग ते पाचव्यातलं असलं तरी. पाचवा कप्पा ओलांडला की कार्ड बाहेर. न चुकता गेलेलं कार्ड १ + २ + ४ + ८ + १६, म्हणजे ३१ दिवसांत सुटतं.

अंतर असं वाढतं का, तर विसरणं सुरुवातीला सर्वांत वेगाने होतं आणि मग मंदावतं. हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर निरर्थक अक्षरगट पाठ करून दाखवलं होतं. विसरायच्या बेतात असताना आठवलं तर ते पक्कं होतं. ताजं असताना दहा वेळा वाचल्याने फारसं काही होत नाही.

रोजचा बोजा: ८ नवी कार्डं, प्रत्येकी किमान ५ उजळण्या, म्हणजे महिनाभराने दिवसाला चाळीसेक कार्डं. चुका धरून पन्नास-साठ. एका कार्डाला दहा सेकंद धरा, दहा मिनिटांत आटपतं. दहा सेकंदांत आठवलं नाही तर चुकलं समजायचं. पाहुणा त्याहून जास्त थांबत नाही.

ॲपवाले अँकी वापरतील. अँड्रॉइडवर ते फुकट आहे आणि नेट नसतानाही चालतं, पावसात हे महत्त्वाचं. फक्त सेटिंगमध्ये 'रोजची नवी कार्डं' २० असतात, ती आधी ८ करा. एकच कार्ड पाठ झाल्यावर आठ वेळा चुकलं तर अँकी त्यावर 'लीच' अशी खूण लावतं. लीच म्हणजे जळू. तिला उपटून फेका आणि तो शब्द वेगळ्या वाक्यात नव्याने घाला. पेटीतही हाच नियम ठेवा: कार्ड मागे आलं की कोपऱ्यात एक टिंब. पाच टिंबं झाली की कार्ड फाडायचं. दोष मुलाच्या डोक्यात नसतो, कार्डात असतो.


सडा_आणि_दर्या:

वरच्या उत्तराशी सहमत. तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण मराठी मुलं तिथेच आपटतात.

एक उदाहरण. होडीवरच्या मुलाला सांगायचंय, "आम्ही इथे नांगर टाकतो." मोबाइलच्या शब्दकोशात 'नांगर' टाकला, पहिला अर्थ आला 'प्लाउ'. झालं, भर समुद्रात शेती सुरू. मराठीत शेतातला आणि होडीचा नांगर एकच, इंग्रजीत प्लाउ वेगळा आणि अँकर वेगळा. एका शब्दासमोर एक अर्थ या हिशेबाने वही भरली की अशी फसगत ठरलेली.

नामाचं तरी निभतं, क्रियापदं त्याहून वाईट. आपलं 'लावणे' घ्या. पंखा लावतो तेव्हा 'स्विच ऑन', दार लावतो तेव्हा 'शट', म्हणजे एकात चालू आणि दुसऱ्यात बंद! गाडी लावली की 'पार्क', गजर लावला की 'सेट', माड लावला की 'प्लांट', मलम लावलं की 'अप्लाय' किंवा साधं 'पुट ऑन', कुलूप लावलं की 'लॉक', फोन लावला की 'कॉल'. 'ओपन द लाइट' हे वाक्य जन्माला येतं ते इथेच.

'लागणे' तर त्याचा बापच. भूक लागली: आय ॲम हंग्री. किल्ल्यावर जायला पंधरा मिनिटं लागतात: इट टेक्स फिफ्टीन मिनिट्स. दोनशे रुपये लागतील: इट विल कॉस्ट टू हंड्रेड. सोलकढी आंबट लागते: इट टेस्ट्स सावर. फोन लागत नाही: आय कान्ट गेट थ्रू. आणि पाहुण्याला होडी लागली तर: ही इज सीसिक. मराठीत एकच क्रियापद, इंग्रजीत सहा वेगळी वाक्यं. म्हणून 'लागणे' असं कार्ड करूच नका. सहा परिस्थितींची सहा कार्डं करा आणि ती एकाच दिवशी घालू नका.

मराठी अर्थ लिहावा का? माझं मत: डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूला मराठी शब्द लिहा आणि मोकळे व्हा. खेकड्याची इंग्रजी व्याख्या वाचत बसणं हा वेळेचा खून आहे. क्रियापद, विशेषण आणि भाववाचक नाम यांना मात्र सुटा अर्थ नको, पूर्ण मराठी वाक्य द्या. शंका आली तर लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश बघा. या शब्दकोशांत अर्थ साधारण दोन-तीन हजार ठरावीक सोप्या शब्दांतच लिहिलेले असतात, शिवाय वाक्य देतात. मोठ्या शब्दकोशात अर्थातलेच तीन शब्द पुन्हा शोधावे लागतात.

विभक्तीचा घोळ कार्डावरच मोडून काढा. आपण कुणा'वर' रागावतो म्हणून मुलं 'अँग्री ऑन' म्हणतात, हवं 'अँग्री विथ'. कुणा'शी' लग्न म्हणून 'मॅरिड विथ', हवं 'मॅरिड टू'. विषया'बद्दल' चर्चा म्हणून 'डिस्कस अबाउट', तिथे नुसतं 'डिस्कस'. कुणाला समजावून सांगणं म्हणून 'एक्स्प्लेन मी', हवं 'एक्स्प्लेन टु मी'. होडीवाल्यांसाठी खास: लहान होडीत 'इन द बोट', मोठ्या फेरीवर 'ऑन द फेरी', बसमध्ये 'ऑन द बस', मोटारीत 'इन द कार'. ढोबळ खूण अशी की आत उभं राहून चालता येत असेल तर 'ऑन'.

आणखी एक सापळा, मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द. ते येतात असं वाटतं म्हणून कुणी शिकतच नाही. आपलं हॉटेल म्हणजे भजी-चहा मिळतो ते, तिकडे हॉटेल म्हणजे राहायची जागा. जेवणाचं ते रेस्टॉरंट. आपली गॅलरी म्हणजे बाल्कनी. 'पार्सल' मागितलं तर ब्रिटिश पाहुण्याच्या डोळ्यांपुढे पोस्टातलं पुडकं येतं. त्याच्याकडे 'टेकअवे', अमेरिकनाकडे 'टु गो'. एसटी स्टँड म्हणजे बस स्टेशन. 'लाइट गेली' हे 'लाइट हॅज गॉन' नव्हे, 'देअर इज अ पॉवर कट'. हे वाक्य आपल्याकडे पावसाळ्यात रोज लागतं, तेव्हा पहिल्या आठवड्यातच घाला.


कुर्ली_मसाला:

ह्यां सगळां बरां आसा, पण पोरां बोलतली कधी? रोज धा मिनटां तरी तोंडान बोलूक व्हयां. कार्डां खोक्यात आणि तोंड बंद, असां नको.


भरतीचं_वेळापत्रक:

कुर्ली_मसाला यांचं खरं आहे. बोलायला विषय मात्र रोजच्यातला हवा, म्हणून किनाऱ्यावरच्या शब्दांपुरतं लिहितो. सर्वसाधारण यादीत हे शब्द येत नाहीत आणि पाहुणे विचारतात ते हेच. ८ पैकी ५ शब्द यादीतले आणि ३ इथले, असं प्रमाण ठेवा.

भरती 'हाय टाइड', ओहोटी 'लो टाइड', एवढं सगळ्यांना येतं. उधाणाची भरती म्हणजे 'स्प्रिंग टाइड'. या 'स्प्रिंग'चा वसंत ऋतूशी काही संबंध नाही, उसळण्याशी आहे. ती दर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते. भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती 'नीप टाइड', अष्टमीच्या आसपास. पाहुण्यांना हे शब्द कदाचित माहीत नसतील, म्हणून सोबत सोपं वाक्य तयार ठेवा: "द सी कम्स अप हायर दॅन युजुअल टुडे."

'खाडी' हा गमतीदार शब्द आहे. आपल्या नकाशांवर 'क्रीक' असतं आणि ब्रिटिशाला ते कळतं. अमेरिकनाला 'क्रीक' म्हणजे ओढा वाटतो. त्याला "व्हेअर द रिव्हर मीट्स द सी" म्हणून सांगा. एका शब्दासाठी अडून बसू नका.

सुरक्षिततेचे शब्द तर मधल्या रात्री उठवून विचारले तरी यायला हवेत: शॅलो (उथळ), डीप, स्लिपरी (निसरडं), करंट (ओढ, विजेचा नव्हे), रफ (खवळलेला समुद्र), काम (शांत, यातला ल उच्चारत नाहीत). मूळ प्रश्नातल्या पाहुण्याला द्यायचं उत्तर: "इट इज सेफ निअर द बीच. डोन्ट गो पास्ट द रॉक्स. द करंट इज स्ट्राँग देअर." यात एकही अवघड शब्द नाही. अवघड आहे ते 'पास्ट'. 'पलीकडे' या अर्थाने तो मुलांना माहीत नसतो, त्यांना फक्त भूतकाळ माहीत असतो.

मासे. पापलेट पॉमफ्रेट, बांगडा मॅकरल, सुरमई आपल्या मेनूकार्डांवर किंगफिश (ऑस्ट्रेलियन पाहुणा तिलाच स्पॅनिश मॅकरल म्हणेल), कोळंबी ब्रिटिशाला प्रॉन आणि अमेरिकनाला श्रिंप, तिसऱ्या (शिंपल्या) क्लॅम्स, कालवं ऑइस्टर्स, बोंबील बॉम्बे डक. शेवटच्यावर पाहुणे हमखास विचारतात की बदक कुठल्या जातीचं. "इट इज अ फिश, नॉट अ डक" हे वाक्य कार्डावर असू द्या. मात्र ही सगळी नावं एका बैठकीत शिकवू नका. एका गटातले सारखे शब्द एकदम घेतले की एकमेकांत गुंततात, मग महिनाभर क्लॅम आणि ऑइस्टर यांची अदलाबदल चालते. हेच डावं-उजवं, बॉरो-लेंड, डीप-शॅलो या जोड्यांना लागू. एक आधी पक्का करा, दुसरा दहा-बारा दिवसांनी.

ज्याला इंग्रजी शब्दच नाही त्याचं काय? आडाळो, घावन, सोलकढी, रापण. शब्द शोधू नका, तीन तुकड्यांत सांगायची सवय लावा: काय प्रकार, कशाचा, कशासाठी. सोलकढी: "अ कोल्ड ड्रिंक, मेड फ्रॉम कोकम अँड कोकोनट मिल्क, वुई हॅव इट विथ फिश." घावन: "अ थिन पॅनकेक, मेड फ्रॉम राइस, फॉर ब्रेकफास्ट." आडाळो: "अ कर्व्हड ब्लेड ऑन अ वुडन बोर्ड, फॉर कटिंग फिश अँड स्क्रेपिंग कोकोनट." रापणीला मच्छीमार खात्याचा शब्द आहे, 'शोअर सेन', पण पाहुण्याला "अ लाँग नेट, पुल्ड फ्रॉम द बीच" जास्त कळेल. "अ काइंड ऑफ", "मेड फ्रॉम", "युज्ड फॉर" हे तीन तुकडे पन्नास नामांचं काम करतात. रोज पाच वस्तू समोर ठेवा, एकाने नाव न घेता वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. दहा मिनिटं सहज जातात.

जांभ्याला 'लॅटेराइट' म्हणतात. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ मध्ये केरळातला असाच दगड पाहून लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून हे नाव दिलं. पाहुणा भूगोलाचा शिक्षक नसेल तर "रेड स्टोन, सॉफ्ट व्हेन वुई कट इट, हार्ड लेटर" एवढं बास. जाता जाता: आपला काजू आणि इंग्रजांचा कॅशू एकाच घरचे, दोन्ही ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांबरोबर आले. काथ्याचा 'कॉयर' मल्याळममधून गेला. असे शब्द कार्डाशिवाय लक्षात राहतात.


खाडीकाठ:

सर्वांचे आभार, खोका तयार झालाय. कालची तीन कार्डं इथे देतोय, चुका सांगा. (इथे देवनागरीत टाकतोय, कार्डावर इंग्रजी रोमन लिपीतच आहे.)

पहिलं. पुढे: शॅलो. मागे: उथळ.
दुसरं. पुढे: सुचवणे. मागे: सजेस्ट. वाक्य: "आय सजेस्ट यू टु ईट फिश थाळी."
तिसरं. पुढे: पाऊस जोरात आहे, होडी जाणार नाही. मागे: "द रेन इज बिग, द बोट विल नॉट गो."

आणि उच्चार देवनागरीत लिहिले तर चालतील का?


कार्डपेटी:

पहिलं कार्ड उलटं आहे. पुढे मराठी हवं आणि तेही वाक्य: "इथे पाणी उथळ आहे, लहान मुलं उतरू शकतात." मागे: "द वॉटर इज शॅलो हिअर. चिल्ड्रन कॅन गो इन." त्याखाली बारीक अक्षरात एक जोडीदार, म्हणजे त्या शब्दासोबत नेहमी येणारा शब्द: शॅलो वॉटर. दोनपेक्षा जास्त जोडीदार लिहू नका, कार्डाची वही होते.

दुसऱ्यात व्याकरण चुकलंय, आणि चुकीचं वाक्य ३१ दिवस घोटलं तर ते निघता निघत नाही. 'सजेस्ट' नंतर 'यू टु' येत नाही. "आय सजेस्ट द फिश थाळी" किंवा "यू शुड ट्राय द फिश थाळी". दुसरं जास्त नैसर्गिक. म्हणून नियमच करा: वाक्य स्वतः रचायचं नाही, लर्नर्स डिक्शनरीतल्या उदाहरणाचा साचा घ्यायचा आणि फक्त नाम बदलायचं. रचना बोलताना करायची, कार्डावर नाही.

तिसऱ्याची कल्पना चांगली आहे, 'बिग' चुकलं. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', समुद्र 'रफ', चहा कडक असेल तर 'स्ट्राँग', झोप गाढ तर 'डीप'. चूक 'मेक' करतात, 'डू' नाही. फोटो 'टेक', 'पुल' नाही. असे जोडीदार तर्काने सापडत नाहीत, जोडीनेच उचलावे लागतात. विशेषण एकटं कार्डावर आलं की ते बोलताना चुकीच्या नामाला जाऊन चिकटतं. "इट इज रेनिंग हेविली, सो द बोट वोन्ट गो." असं लिहा.

पाऊण तासाची वाटणी: १० मिनिटं पेटी, १० मिनिटं नवी आठ कार्डं, १५ मिनिटं वाचन किंवा ऐकणं, १० मिनिटं बोलणं. वाचायला काय घ्यायचं याची चाचणी: २५० शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द पाचाहून जास्त निघाले तर ते पुस्तक आत्ता नको. पन्नासात एक अनोळखी चालतो, आजूबाजूच्या वाक्यांवरून त्याचा अंदाज बांधता येतो. वीसात एक झाला की दमछाक सुरू होते आणि दहात एक म्हणजे नुसतं शब्दकोश उघडणं. इंग्रजी पेपर वाचून काही झालं नाही ते याचमुळे. ऐकायला व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये सुरू केलेल्या 'स्पेशल इंग्लिश' धाटणीचे जुने कार्यक्रम शोधा. ते सुमारे १५०० शब्दांत आणि संथ वाचलेले असतात.


सडा_आणि_दर्या:

उच्चार देवनागरीत लिहा, बिघडत नाही. पण देवनागरी दोन गोष्टी दाखवत नाही, त्यांना वेगळ्या खुणा हव्यात.

पहिली गोष्ट आघात. इंग्रजीत शब्दाचा एक अवयव जोरात आणि लांब, बाकीचे दबके. आपण सगळे सारख्या वजनाने म्हणतो, मग शब्द बरोबर असूनही पाहुणा "सॉरी?" म्हणतो. 'हॉटेल' आपण पहिल्यावर जोर देऊन म्हणतो, त्यांचा जोर 'टेल'वर. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो सरकून 'टॉ'वर जातो आणि 'फो'चा जवळजवळ 'फ' होतो. वाळवंट 'डेझर्ट', जोर पहिल्यावर. जेवणानंतरचं गोड 'डिझर्ट', जोर दुसऱ्यावर. कार्डावर जोराच्या अवयवाखाली लाल रेघ मारा, पुरे.

दुसरी गोष्ट 'व'. वाइन म्हणताना ओठांचा चंबू, दात कुठेच लागत नाहीत. व्हाइन म्हणजे वेल, म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. आपण लिहिताना 'व' आणि 'व्ह' असा फरक करतो खरा, बोलताना दोन्ही एकच. आरशासमोर दहा वेळा 'वेस्ट, व्हेस्ट' म्हणायला लावा, दात दिसले की 'व्ह'. आणि 'व्ह'मधला ह खरा नसतो, तो फुंकू नका.

न उच्चारली जाणारी अक्षरं पेन्सिलने खोडून दाखवा: आयलंडमधला एस, रिसीटमधला पी, काममधला एल. सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटक नेणारा मुलगा दिवसातून चाळीस वेळा 'आयलंड' म्हणणार, तो 'इसलँड' म्हणून पक्का झाला तर नंतर सुटत नाही. म्हणून क्रम असा: आधी शब्दकोशाच्या ॲपवर उच्चार तीनदा ऐका, मग म्हणा, मग लिहा. आधी लिहिलं की स्पेलिंग कानावर बसतं.


खाडीकाठ:

तिन्ही कार्डं बदलली. एक छोटी अडचण: चार दिवसांच्या पावसात पुठ्ठ्याचा खोका मऊ पडला आणि कार्डं एकमेकांना चिकटायला लागली. शाईही पसरतेय.


भरतीचं_वेळापत्रक:

पुठ्ठा आपल्याकडे जूनमध्ये टिकत नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा किंवा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आतल्या फाळण्या जुन्या प्लॅस्टिक फाइलच्या कापा. तळाला फडक्यात बांधून मूठभर कोरडे भाजलेले तांदूळ ठेवा, आठवड्याने पुन्हा भाजा. जेल पेन नको, बॉलपेन किंवा पेन्सिल. आणि डबा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवा, जिथे सुके बोंबील ठेवता तिथे. फक्त वास लागला तर तक्रार इथे करू नका.


खाडीकाठ:

डबा मिळाला. वासाचं बघू. 'लागणे'चं सातवं कार्ड तयार झालं: "इट स्मेल्स ऑफ ड्राय फिश."


सडा_आणि_दर्या:

'ड्राइड फिश'. डी घाला.